बारा खोल्यांच्या मिस युडिन

विमानतळावरून गाडी बाहेर काढली की मागच्या सीटवर नवरा-बायकोची कुजबुज सुरू होते. एकाला मोठं रिसॉर्ट हवं असतं, दुसऱ्याला छोटं हॉटेल. खोली महिनोन्‌महिने आधी ठरवून, पैसे भरून आलेली असतात ही माणसं. पण रस्ता वळणांचा, तासभर दुसरं काही करायला नसतं. मग दोघंही माझ्या मानेकडे बघून विचारतात, "तुम्ही इथलेच ना हो? खरं सांगा, आम्ही चुकलो का?"

माझं नाव ऑसबर्ट, गाव मला ऑझी म्हणतं. ग्रेनाडात टॅक्सी चालवायला लागून मला एकोणचाळीस वर्षं झाली. पण या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः कधी दिलं नाही. "मिस युडिनना विचारा," एवढंच म्हणायचो. आमच्या आन्स मारी गावात दोन्हीकडे राबलेलं तेवढं एकच माणूस होतं.

आन्स मारीच्या वाळूच्या दोन टोकांना ही दोन हॉटेलं. उत्तरेला, जंगली बदामांच्या सावलीत बारा खोल्यांचं 'कॅलिस्टा'. दक्षिणेला दोनशे ऐंशी खोल्यांचं रिसॉर्ट. रिसॉर्टचं नाव लांबलचक, कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. गावानं त्याला 'थोरलं' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आपोआपच कॅलिस्टा 'धाकटं' झालं. खरं तर वयानं धाकटंच अकरा वर्षांनी मोठं होतं.

मिस युडिन मोडेस्ट यांचा जन्म छप्पन सालचा. आमच्याकडे वयस्कर बाईला मानानं 'मिस' म्हणतात, लग्न झालेलं असो वा नसो. वडील मासेमार होते, आई जायफळाच्या गोदामात. पंधराव्या वर्षी युडिनही त्याच गोदामात लागल्या. जायफळं पाण्याच्या टाकीत सोडायची, बुडतील ती ठेवायची, तरंगतील ती बाजूला काढायची. दिवसभर हात पाण्यात. सुटीच्या दिवशी चर्चमध्ये त्या शेजारी बसल्या की जायफळाचा वास यायचा, अगदी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतूनसुद्धा.

सत्त्याऐंशी साली मिसेस ओगूस्त इंग्लंडहून परत आल्या. तीस वर्षं तिथल्या इस्पितळात नर्स होत्या. कडक बाई. आईच्या जमिनीवर त्यांनी बारा खोल्या बांधायला घेतल्या आणि आईचंच नाव दिलं, कॅलिस्टा. जूनच्या अखेरीस आमच्याकडे मासेमारांचा सण असतो. होड्यांना आशीर्वाद मिळाला की किनाऱ्यावर चुली पेटतात. त्या दिवशी युडिन कोकोचा चहा करत होत्या. घरच्या कोकोचा गोळा, दालचिनी, तमालपत्र, वरून किसलेलं जायफळ. मिसेस ओगूस्त एक कप प्यायल्या. दुसरा प्यायल्या. तिसरा हातात घेऊन त्यांनी विचारलं,

"किती जणांचा स्वयंपाक येतो तुम्हाला?"

"उपाशी किती आहेत, त्यावर आहे."

"आणि इंग्लंडची माणसं आली तर? त्यांना आपलं तिखट सोसत नाही."

"पहिल्या दिवशी रडतील. दुसऱ्या दिवशी मागून घेतील."

मिसेस ओगूस्त हसल्या नाहीत, त्या कधीच हसत नसत. पण पुढच्या सोमवारी मिस युडिन जायफळाच्या गोदामात गेल्या नाहीत.

त्या सतरा वर्षांचं काय सांगू? मी पाहुणे आणून सोडायचो आणि गाडी वळवायच्या आधी मागच्या दाराशी जायचो. तिथे पायरीवर माझा कप तयार असायचा. आत रेडिओवर क्रिकेट. मिसेस ओगूस्त चादरीचे कोपरे इस्पितळातल्यासारखे घट्ट दुमडून घेत असायच्या आणि मिस युडिन म्हणायच्या, "बाईसाहेब, माणसांना झोपायचंय, त्यांचं ऑपरेशन नाहीये." व्हरांड्यात एकच लांब टेबल होतं. सगळ्यांनी तिथेच बसायचं. काय खायचं ते पाहुण्यांनी ठरवायचं नसे. सकाळी होडीतून काय आलं आणि बागेत काय पिकलं, ते मिस युडिन ठरवायच्या.

खोल्यांना नंबर होते, पण ते फक्त किल्ल्यांवर. मिस युडिन खोल्यांना माणसांच्या नावानं ओळखायच्या. पाच नंबरची खोली टेटांची. टेट नवरा-बायको कॅनडातले शाळामास्तर, दर फेब्रुवारीत तीन आठवडे यायचे. पण ऑगस्टमध्येसुद्धा ती टेटांचीच खोली. एकदा एक जर्मन गृहस्थ चिडले.

"माझ्या किल्लीवर पाच लिहिलंय, आणि ही मुलगी म्हणते टेटांच्या खोलीत टॉवेल ठेवले!"

"किल्ली पाचची असेल," मिस युडिन म्हणाल्या, "खोली टेटांची आहे. नीट राहिलात तर पुढच्या वर्षी एक तुमच्या नावची करू."

तो माणूस पुढे सात वर्षं येत राहिला. नऊ नंबरची खोली त्याच्या नावची झाली.

मिसेस टेटचं नाव विनी. बारीक चणीची, चष्मेवाली, बोलायला तिखट. रोज सकाळी पहिला घोट घेतला की ती म्हणायची, "मिस युडिन, जायफळ जास्त झालंय हो."

"मिसेस टेट, या बेटावर जायफळ जास्त होत नसतं."

एवढंच. रोज. तीन आठवडे. आणि कप मात्र रिकामा. पुढच्या फेब्रुवारीत दोघी तिथूनच पुढे सुरू करायच्या. मिस्टर टेट मला म्हणायचे, "ऑझी, हे ऐकायला मी इतक्या लांब येतो."

अठ्ठ्याण्णव साली थोरलं उघडलं. गावातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी तिथे लागलं, माझा भाचासुद्धा. स्वयंपाकघराचा मुख्य मिस्टर रामलोचन, त्रिनिदादचा, गोल पोटाचा, हसरा माणूस. त्यानं येऊन महिनाही झाला नसेल, एका सकाळी तो कॅलिस्टाच्या लांब टेबलाशी येऊन बसला आणि न बोलता तीन माणसांचं जेवला. मग मिस युडिनना म्हणाला, "माझ्याकडे या. आजारपणाची रजा, दवाखान्याचा विमा, म्हातारपणी पेन्शन. न्यायला-आणायला बस."

"मी चालत येते. सहा मिनिटं लागतात."

तो तीनदा आला. तिन्ही वेळा पोटभर खाऊन, नकार घेऊन गेला. मिस युडिनची मुलगी मार्व्हा तेव्हा टपाल कचेरीत होती. ती आईवर जाम वैतागायची.

"मम्मी, तिकडे आजारी पडलं तरी पगार मिळतो. इकडे आजारी पडलं की मिसेस ओगूस्त सूप घेऊन येते."

"सूप चांगलं करते ती."

"सुपावर म्हातारपण निघणार आहे का?"

"मला कुठे इतक्यात म्हातारी व्हायचंय?"

मार्व्हा माझ्याकडे बघायची. मी कप तोंडाला लावायचो. माझा स्वार्थ त्या मागच्या पायरीवर होता.

मग दोन हजार चारचा सप्टेंबर आला. चक्रीवादळ दरवेळी आमच्या उत्तरेनं निघून जातं, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्या मंगळवारी दुपारी ते सरळ आमच्यावर आलं. पाहुणे नव्हते, सप्टेंबरात नसतातच. कॅलिस्टात फक्त मिसेस ओगूस्त होत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, घर सोडायला तयार नाहीत. मिस युडिननी मार्व्हाला शाळेच्या पक्क्या इमारतीत पाठवलं आणि स्वतः कॅलिस्टात गेल्या. चादरींची खोली सगळ्यात आत होती, खिडकी नसलेली. दोघी तिथे गाद्यांच्या मध्ये बसल्या. छप्पर गेलं तेव्हा, मिस युडिन सांगायच्या, मोठा आवाज झालाच नाही. कानात एकदम दडा बसला आणि वर बघितलं तर आभाळ. मिसेस ओगूस्तनी त्यांचा हात धरला आणि पहिल्यांदाच एकेरीत म्हणाल्या, "युडिन, तू घरी का गेली नाहीस गं?"

"मी घरीच आहे की," मिस युडिन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बेट ओळखू येत नव्हतं. डोंगरावर पान राहिलं नव्हतं. जायफळाची झाडं, आजोबांनी लावलेली, मुळासकट आडवी. माझ्या घराचे पत्रे शेजाऱ्याच्या होडीत सापडले आणि त्याची होडी चर्चच्या अंगणात. नीरफणस मात्र ढिगानं खाली पडले होते, पिकून फुकट जाणार होते. मिस युडिननी कॅलिस्टाच्या उघड्या स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठं पातेलं ओढत बाहेर आणलं, तीन दगडांवर ठेवलं, आणि नीरफणस, अळूची पानं, हळद, नारळाचं दूध, कुणाच्या घरात उरलेलं खारं मांस, जे हाताला लागेल ते घालून आमचं ऑइलडाउन शिजवलं. अकरा दिवस ते पातेलं उतरलं नाही. गाव रांगेत उभं राहून जेवलं. मिस्टर रामलोचनही जेवला. आपल्या गोदामातलं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन तो वाळूतून चालत आला होता.

थोरल्याला विम्याचे पैसे मिळाले, वर्षभरात ते पुन्हा उभं राहिलं. कॅलिस्टा तसंच बिनछपराचं राहिलं. नोव्हेंबरात मिसेस ओगूस्तचा मुलगा इंग्लंडहून आईला न्यायला आला. विमानतळावर मीच सोडलं त्यांना. मिस युडिन पुढच्या सीटवर बसून आल्या. उतरताना मिसेस ओगूस्त म्हणाल्या, "आता थोरल्यात जा. इतकी वर्षं तुम्ही नाही म्हणत होता, तेव्हा मी गप्प बसायचे. तो माझा स्वार्थ होता."

परतताना गाव आल्यावर मिस युडिननी विचारलं, "ऑझी, बस किती वाजता निघते रे, थोरल्याची?"

"तुम्ही तर चालत जाऊ शकता. पंधरा मिनिटं."

"पण बस आहे ना? मग बसनंच जाईन."

थोरलं पुन्हा उघडल्यावर त्यांना तिथे सकाळच्या नाश्त्याला लावलं, अंड्यांच्या टेबलापाशी. समोर पाचशे-सहाशे माणसांची रांग. कांदा हवा का, चीज हवं का, पुढचे या. चेहरा वर करून बघायला सवड नाही. कोकोचा चहा तिथे नव्हता. यंत्रातून येणारी कॉफी होती, सगळ्या कपांत एकसारखी. आणि छातीवर बिल्ला होता. त्यावर लिहिलं होतं, 'युडिन'.

आमच्या गावात पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी नुसतं नावानं हाक मारत नाही. तिचा भाऊसुद्धा नाही. आणि इथे विशीतली पोरं, ओली चड्डी घालून आलेली, म्हणत होती, "युडिन, दोन अंडी, जरा लवकर!" पंधरा दिवस मिस युडिननी ऐकून घेतलं. सोळाव्या दिवशी बिल्ला काढून मिस्टर रामलोचनच्या टेबलावर ठेवला.

"हे अर्धं नाव आहे. उरलेलं कुठाय?"

"मिस युडिन, सगळ्यांचे बिल्ले असेच असतात. कंपनीचा नियम आहे. माझ्यावरसुद्धा नुसतं 'केल्विन' लिहिलंय बघा."

"तुमची आई इथे असती तर चाललं असतं तिला?"

रामलोचननं डोकं खाजवलं. त्याचं काय बोलणं झालं वरच्या लोकांशी ते कळलं नाही, पण दोन महिने लागले. मग एक दिवस नवा बिल्ला आला, 'मिस युडिन'. अक्षरं बारीक करून कशीबशी बसवली होती. त्यानंतर धुण्याच्या खोलीतली मिस ऑलिव्ह आपला बिल्ला घेऊन रामलोचनकडे गेली, मग बागेतला म्हातारा मिस्टर सिप्रियनही आपला घेऊन गेला. वर्षभरात थोरल्यातल्या सगळ्या वयस्कर माणसांची नावं पुरी झाली.

थोरल्याला मी नावं ठेवणार नाही. मिस युडिनही ठेवायच्या नाहीत. तिथल्या विम्यावर त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला. घरावर नवं छप्पर आलं. दुपारी तीनला सुटी व्हायची ती व्हायचीच. कॅलिस्टात सतरा वर्षांत त्यांनी आपल्या दारातून मावळता सूर्य पाहिला नव्हता, त्या वेळी रात्रीचं मासळीचं वाटण चाललेलं असायचं. आता त्या पायरीवर बसून पाय पसरून बघायच्या. मी जाताना गाडी थांबवायचो.

"काय मिस युडिन, मजा आहे तुमची!"

"मजाच आहे," त्या म्हणायच्या. मग पाय जवळ ओढून घेत, "आज कुणी विचारलं नाही रे, समुद्र कसा आहे म्हणून." कॅलिस्टात रोज सकाळी बाराही खोल्यांतली माणसं त्यांना तेच विचारायची.

मिसेस ओगूस्त इंग्लंडातच वारल्या. दोन हजार दहा साली त्यांची नात थिया आली. तिशीतली, उंच, लंडनच्या बोलण्याची, पण चाल अगदी आजीची. तिनं कॅलिस्टाला छप्पर घातलं, खिडक्या निळ्या रंगवल्या, बाराच खोल्या ठेवल्या. ती म्हणायची, हे आता बुटीक हॉटेल आहे. आमच्याकडे बुटीक म्हणजे बायकांच्या कपड्यांचं दुकान.

"मग मापं कोण घेणार?" मिस युडिननी विचारलं.

थिया हसली. आजी हसत नसे ती कसर ही भरून काढायची. मग गंभीर होऊन तिनं "तांती" अशी हाक मारली, म्हणजे मावशी. "आजी मला म्हणाली होती, मिस युडिन नसतील तर दार उघडू नकोस. मी दार उघडतेय. तुम्ही कधी येताय?"

मी तिथेच होतो, सामान उतरवत. मला वाटलं, आता या बिल्ला समुद्रात फेकतील. मिस युडिननी हातातला फडका दोनदा घडी केला.

"मी चोपन्न वर्षांची आहे, दूदू, बाळा. आणखी नऊ वर्षं थोरल्यात काढली की पेन्शन पुरी होते. तुझ्या आजीला मी कधी नाही म्हणू शकले नाही. तुला म्हणते."

थियाचा चेहरा उतरला. "पैशाचाच प्रश्न असेल तर..."

"पैशाचा नाही. तू चांगली पोरगी आहेस, पण पुढचं वादळ कधी येईल ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही. मंगळवारी मला सुटी असते. मंगळवारी सकाळी येईन. तुझ्या स्वयंपाकिणीला शिकवीन. चमचा मात्र ती धरेल."

त्याप्रमाणे त्या मंगळवारी जाऊ लागल्या. जॅसिंटा नावाची मुलगी होती, हात चांगला होता तिचा. मिस युडिन मागे हात बांधून उभ्या राहायच्या. कधी कधी मला वाटतं, त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल.

दोन हजार बारा साली मिस्टर टेट यांचं पत्र आलं. विनीला झटका येऊन गेला होता, उजवी बाजू लुळी पडली होती, शब्द तुटक येत होते. तिला एकदा परत यायचं होतं. कॅलिस्टा पुन्हा उघडल्याचं त्यांनी ऐकलं होतं, थोरल्याची माहितीही मागवली होती. 'आम्हा दोघांत एकमत होत नाही,' त्यांनी लिहिलं होतं, 'विनी म्हणते कॅलिस्टा. तुम्ही म्हणाल तिथे राहू.'

मिस युडिननी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग उठल्या आणि कॅलिस्टाकडे निघाल्या. मीही मागोमाग. रस्त्यापासून व्हरांड्यापर्यंत त्यांनी पायऱ्या मोजल्या. तेवीस. त्या पायऱ्या त्या हजारो वेळा चढल्या असतील, मोजल्या मात्र त्या दिवशी. टेटांच्या खोलीच्या न्हाणीघराच्या दारात त्यांनी दोन्ही हात पसरून पाहिले. चाकांची खुर्ची आत जाणार नव्हती.

"लिही," त्या मला म्हणाल्या. "थोरल्यात राहा. तळमजल्यावर खोली घ्या. तिथे नर्स आहे, उतार आहेत, न्हाणीघराला धरायला दांडे आहेत. मी रोज सकाळी तिथेच असते."

थियाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. ती तणतणत मिस युडिनच्या दारात आली.

"तांती, आमचे सगळ्यात जुने पाहुणे! पाच नंबरला अजून सगळे त्यांचंच नाव घेतात. आणि तुम्ही त्यांना तिकडे पाठवलंत? थोरल्यानं तुम्हाला विकतच घेतलंय!"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण मिस युडिन आवाज न चढवता म्हणाल्या, "तुझ्या पायऱ्या तेवीस आहेत. ती पडली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

थिया पायरीवर मिस युडिनच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. आजी गेल्यापासून ती रडलीच नव्हती, असं नंतर तिनंच सांगितलं.

टेट फेब्रुवारीत आले, थोरल्यात राहिले. विनी रोज नाश्त्याला अंड्यांच्या टेबलाजवळ खुर्ची लावून बसायची आणि मिस युडिनचे हात बघत राहायची. पहिल्या मंगळवारी मिस युडिन माझ्याकडे आल्या. "ऑझी, चार दणकट माणसं हवीत, सकाळी सातला."

मी, माझा भाचा, थोरल्याच्या स्वयंपाकघरातला एक जण, आणि चौथा स्वतः मिस्टर रामलोचन, पोट आत घेऊन. विनीची खुर्ची आम्ही चौघांनी उचलली. थिया छत्री धरून बाजूनं चालत होती. मिस्टर टेट मागून पायऱ्या मोजत होते, आणि विनी डाव्या हातानं रामलोचनच्या टकलावर थाप मारून 'चल, चल' करत होती. लांब टेबलाच्या तिच्या जुन्या जागी खुर्ची लावली. त्या दिवशी जॅसिंटाला बाजूला करून मिस युडिननी स्वतः चहा केला.

विनीनं कप डाव्या हातात धरला. घोट घेतला. आम्ही सगळे बघत होतो. बराच वेळ ती तोंडातल्या तोंडात शब्द शोधत राहिली.

"जाय... फळ," ती म्हणाली.

मिस युडिन पुढे झाल्या. "जास्त झालं?"

विनीनं मान हलवली. चष्म्यातून त्यांच्याकडे रोखून बघितलं. "कमी."

आजारी माणूस म्हणून मिस युडिननी हात राखून घातलं होतं आणि ते तिला कळलं होतं. मिस्टर टेट इतके हसले की त्यांना ठसका लागला. मिस युडिन जायफळ आणायला आत गेल्या, आणि एवढ्याशा कामाला त्यांना फार वेळ लागला.

विनी पुढच्या हिवाळ्यात गेली. मिस्टर टेट त्यानंतर एकदाच आले, एकटे, कॅलिस्टात पाच नंबरला.

एकोणीस साली मिस युडिन थोरल्यातून निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी केक, भाषणं, हार नव्हे पण फुलांचा मोठा गुच्छ, आणि एक पाकीट. त्यात दोन रात्री फुकट राहायचा कागद होता, समुद्राकडच्या खोलीत. मिस्टर रामलोचन म्हणाला, "एकतीस वर्षं दोन्हीकडे काढलीत. कधी पाहुणी म्हणून झोपलात का?"

मिस युडिननी विचार केला. "नाही. एकदा कॅलिस्टात बसले होते, पण तेव्हा छप्पर उडालं."

हे थियाच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "तिकडे दोन, तर इकडे तीन रात्री. आधी कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. रमच्या दुकानात पैजा लागल्या. मार्व्हा म्हणाली, आधी थोरलं, म्हणजे इकडे येऊन त्यांना नावं ठेवता येतील. मिस युडिन आधी थोरल्यातच गेल्या, माझ्या गाडीतून, पेटी घेऊन, नवी टोपी घालून. घर चालत पंधरा मिनिटांवर, तरी त्यांनी मला लांबच्या रस्त्यानं न्यायला लावलं.

तिसऱ्या दिवशी मी आणायला गेलो तर ओळखू येईनात. गाल वर आलेले, डोळे हसणारे. "ऑझी, मी नऊपर्यंत झोपले! दोन्ही दिवस! पोहण्याच्या तलावात बसले, गळ्यापर्यंत. एका पोरीनं मला लिंबूपाणी आणून दिलं, आणि मी उठलेच नाही, तिथेच बसून प्यायले. कुणाला माझ्याकडून काही नको होतं. कुठे काय चाललंय ते बघायचंच नाही. अरे, लोक यासाठी येतात होय!"

मला थोडं वाईटच वाटलं, खोटं कशाला सांगू? मला वाटत होतं, या तोंड वाकडं करून येतील.

त्या संध्याकाळी त्यांना कॅलिस्टात सोडलं. थियानं टेटांच्या खोलीत फुलं ठेवली होती. सकाळी दुसरे पाहुणे न्यायला मी सहालाच गेलो, तर मागच्या दारी आवाज.

"तांती, खोलीत जा!" जॅसिंटा ओरडत होती.

"मी काही करत नाहीये. नुसती उभी आहे."

"साडेचारपासून नुसत्या उभ्या आहात! कांदे कुणी चिरले?"

मिस युडिन झोपायच्या झग्यात होत्या, डोक्याला फडकं बांधलेलं, हाताला कांद्याचा वास. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. चादरीचे कोपरे सैल होते, तीन नंबरचा नळ गळत होता, होडीवाला उशिरा आला होता, सगळं त्यांना पडल्या जागी ऐकू येत होतं.

"मग तिकडेच बरं होतं म्हणा की," मी म्हणालो.

"झोपायला? हो, कितीतरी." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फार बावळट प्रश्न विचारलाय. "पण झोपून झालं की, दोन रात्री."

थियानं येऊन त्यांना दंडाला धरून व्हरांड्यात नेलं आणि लांब टेबलापाशी बसवलं. पाहुण्यांच्या मध्ये, बाकावर. मिस युडिननी झग्याच्या बाह्या खाली ओढल्या. समोर मासळी आली, तळलेले गरम पाव, आमचे बेक, आले. त्यांच्या शेजारी डेन्मार्कची एक तरुण बाई बसली होती, आदल्या दिवशीच आलेली. बेटावर नवीन, बोलायला उत्सुक.

"फार सुंदर जागा आहे ना?" ती म्हणाली. "तुम्ही इथे आधी कधी राहिला आहात?"

जॅसिंटा दारात थबकली. थिया ओठ दाबून उभी होती. मिस युडिननी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, मग बाईकडे वळल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "पहिलीच वेळ."